फळीपलीकडची नववी

१

हॉलच्या मधोमध आल्या की बायका पाय उचलतात, हे लोर्नाच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या हातात पताकांची माळ होती आणि तोंडात चार खिळे. आधी तिला वाटलं, मिसेस टायसनचा गुडघा धरला असेल. कपबश्यांचा मोठा ट्रे घेऊन त्या दाराकडून रंगमंचाकडे निघाल्या होत्या. हॉलच्या बरोबर मध्यावर त्या थबकल्या. एक पाय गुडघ्यात वाकवून चांगला वर घेतला, पलीकडे टेकवला, मग दुसरा तसाच. माणूस कुंपण ओलांडतो तसं. खाली होती ती सपाट लाकडी जमीन, कालच मेण लावून घासलेली.

मागून पोस्टातल्या मिसेस रिग आल्या, केकचा डबा घेऊन. त्यांनीही तिथंच पाय उचलला. मग शीला आली. तिला सातवा महिना लागलेला. तिनं एक हात पोटावर ठेवला, दुसरा हवेतच कशावर तरी टेकवला, त्यावर भार दिला आणि पाय पलीकडे घातला.

लोर्नाच्या तोंडातला एक खिळा खाली पडला. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली.

"मिसेस टायसन, तिथं काय आहे?"

"कुठं?"

"तुम्ही आत्ता पाय उचललात."

"मग? ओढत नेऊ?" बायका खिदळल्या. "लँकेस्टरच्या कॉलेजात पाय न उचलता चालायला शिकवतात वाटतं."

"सगळ्याच उचलतात. तिथंच."

मिसेस टायसननी कपबश्या मांडता मांडता जरा विचार केला. "आई उचलायची," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

तेवढ्यात गावसमितीचे अध्यक्ष मिस्टर प्रिंगल आले आणि त्या जागेवरून बूट वाजवत सरळ चालत गेले. मग पाद्रीबाबा गेले. मग वायरमन. पुरुषांपैकी कुणीही पाय उचलला नाही.

२

लोर्ना बर्केट मार्चमध्ये एल्डरगिलला आली ती गावसमितीची कारकून म्हणून. काम सोपं होतं. पत्रं टाइप करायची, सभेला बिस्किटं आणायची. एकोणीसशे सत्त्याहत्तर साल होतं, इंग्लंडच्या राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं होत होती आणि गावोगाव काही ना काही उभं राहत होतं. एल्डरगिलनं ठरवलं की हॉलच्या दाराशी दगड बसवायचा. मजकूर लोर्नानं लिहायचा, शनिवारी सकाळी पाथरवट येऊन तो घेऊन जाणार. मजकूर मिस्टर प्रिंगलनी सांगूनच टाकला होता: इथं साबणाचा कारखाना होता. त्यातली ही एकच इमारत उरली.

बुधवारी दुपारी ती हॉलमध्ये एकटी होती. ऊन खिडक्यांतून आडवं आत आलेलं, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. तिनं खुर्च्यांची चवड उचलली आणि रंगमंचाकडे निघाली. त्या जागेची आठवण झाली तशी तिला स्वतःचंच हसू आलं. शिकलेली मुलगी आपण. ती मुद्दाम सरळ चालत गेली.

दोन्ही नडग्यांवर काहीतरी खाडकन बसलं. चवड हातातून सुटली, लोर्ना तोंडावर आपटली. पडताना ऐकलेला आवाज तिला नीट आठवत होता. खुर्च्यांचा वेगळा होता. हा जाड लाकडाचा होता, आणि खुर्च्यांच्या आधीचा.

घरी येऊन तिनं मोजे काढले. दोन्ही पायांवर गुडघ्याच्या थोडं खाली निळी रेघ उमटली होती, पट्टीनं आखावी तशी सरळ. तिनं खरोखरच पट्टी घेतली. जमिनीपासून सव्वासतरा इंच. डावीकडेही तेवढंच, उजवीकडेही. खुर्चीची कड लागली असणार, असं तिनं स्वतःला बजावलं. सकाळी हॉलमध्ये जाऊन खुर्च्या मोजल्या, बाकं मोजली, टेबलं मोजली. सव्वासतरा इंचावर कड असलेली एकही वस्तू तिथं नव्हती.

३

इमारतीचा जुना नकाशा मिळतो का, म्हणून तिनं हॉलमधलं कपाट उघडलं. इथं कधीकाळी भिंत असेल, जोतं असेल, जमिनीत काही पुरलेलं असेल. काहीतरी असेलच की. नाताळचा पत्र्याचा तारा, पत्त्यांचे जोड, बुद्धिबळाचे अर्धे मोहरे. सगळ्यांत खाली मेणकापडात गुंडाळलेली एक अरुंद, लांब वही.

पहिल्या पानावर छापील नियम होते. केसांचे आकडे, टाचण्या, हूक, अंगठ्या, आगकाड्या खोलीच्या मधल्या आडव्या फळीपलीकडे नेऊ नयेत. अंगावरचे कपडे फळीअलीकडे उतरावेत. पलीकडे कारखान्याचाच झगा आणि लाकडी तळाचे जोडे. फळीवर पाय देऊ नये. ओलांडावी.

लोर्ना खाली जमिनीवरच बसली. साबण करायला आगकाडीची एवढी भीती?

पुढं रोजची हजेरी होती. एक रकाना 'आत', एक रकाना 'बाहेर'. सगळी नावं बायकांची. तिनं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. ११ एप्रिल १९१७, सकाळची पाळी. आयडा फॉसेट. मिनी राउटलेज. रूथ नेल्सन. जेसी नेल्सन. हॅना मूर. लिझी पॅटिन्सन. फ्लोरी बीटी. मॅगी आर्मस्ट्राँग. ए. सॉअर्बी. नऊ नावं आणि 'आत'च्या रकान्यात नऊ खुणा.

'बाहेर'चा रकाना कोरा होता. पुढची सगळी वहीच कोरी होती.

तिनं मान वर केली. हॉलच्या पलीकडच्या अर्ध्या भागातून, रंगमंचाच्या बाजूनं, कुणीतरी लाकडी तळव्यांवर भार बदलला. उभं राहून राहून पाय अवघडले की बदलतात तसा. एकदाच. लोर्नानं वही छातीशी धरली आणि ती धावत बाहेर आली. बाहेर गवत कापणारा मशीन बंद करून सँडविच खात होता. आवाज त्याचाच असेल असं ती स्वतःला सांगू लागली, पण त्याच्या पायांत रबरी बूट होते.

४

मिस्टर प्रिंगलचं खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. ते स्क्रू मोजून पुडीत बांधत होते.

"दारूगोळ्याचा कारखाना होता," लोर्ना म्हणाली. "महायुद्धासाठी तोफगोळे भरायचे. बायका भरायच्या. नऊ जणी आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. हे पाहा."

"साबण होता."

"वहीत नियम छापलेत, मिस्टर प्रिंगल. साबणाचा भडका उडत नाही."

"हे बघ पोरी, महोत्सव आहे. सुतक नाही."

लोर्नाचे कान तापले. वाद घालायचा तिला सराव नव्हता. दुकानात मोड परत मागायलाही ती लाजायची. पण चर्चपुढच्या, महायुद्धात गेलेल्यांच्या दगडावरून ती रोज जात होती, त्यावरची नावं तिला पाठ झाली होती. "तिथं तेवीस जण आहेत," ती म्हणाली. "त्यातला एक फ्लूनं छावणीतच गेला. एकाला घोड्यानं लाथ मारली. त्यांची नावं आहेत, असावीतच. मग या नऊ जणींनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

प्रिंगलनी चष्मा लावला, पानावरून बोट फिरवलं, आणि एकदम मोठ्यानं हसले. "शेवटचं नाव वाच."

"ए. सॉअर्बी."

"ॲग्नेस सॉअर्बी. नदीकाठच्या घरातली. गेल्याच महिन्यात तिनं माझ्या संत्र्याच्या मुरंब्याला तिसरा नंबर दिला. मेलेली बाई मुरंबा चाखते?" त्यांनी वही परत सरकवली. "नववी जिवंत, तर बाकीच्या आठ मेल्या कशावरून? गेल्या असतील दुसऱ्या गावी कामाला. माझे आजोबा तिथं मुकादम होते, ते हेच सांगायचे."

"आणि मी शोधून काढलं तर?"

"शनिवारी दहाला पाथरवट येतो. नऊ नावं आण. खरी, आणि खाली ॲग्नेसची सही. मी स्वतः दगडावर घालतो. नाहीतर साबण." ते पुन्हा स्क्रू मोजू लागले. ॲग्नेस सही करणार नाही याची त्यांना खात्री होती, हे त्यांच्या मोजण्याच्या शांतपणावरूनच दिसत होतं.

५

मिस सॉअर्बींनी दार उघडलं. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, पांढरे केस मुलासारखे आखूड कापलेले. लोर्नाच्या हातातली वही त्यांनी पाहिली, मग लोर्नाचे पाय पाहिले.

"फळी लागली ना? मोजा खाली घे. बघू."

लोर्नानं दाखवलं. म्हातारी खुर्चीत बसली. चुलीवरची किटली शिट्टी मारू लागली, लोर्ना दचकली, तशी ती म्हणाली, "भित्री आहेस. बरं आहे. शूर माणसं विचारत नाहीत, निघून जातात."

मग तिनं सांगितलं. मध्ये थांबली नाही, रडली नाही. तिच्या आवाजात दुःखापेक्षा चीडच जास्त होती.

"माझ्या अंबाड्यात एक आकडा राहिला होता. एकच. फळीशी तपासणीच्या बाई बसायच्या. आपण आपलं नाव सांगायचं, त्या खूण करायच्या, केसांतून बोटं फिरवायच्या, मग ओलांडायचं. त्यांच्या बोटाला आकडा लागला. 'सॉअर्बी, घरी जा.' पण आत नऊ जणी लागायच्या, आठांवर काम सुरू होत नसे. बाहेरच्या बाकावर एक पोरगी बसलेली होती. आयर्लंडहून आदल्या दिवशी आलेली, काम मिळेल का बघायला. बाई म्हणाल्या, 'तू चल, सॉअर्बीच्या नावावर.' खूण तर आधीच करून झाली होती. तिला माझा झगा दिला, माझे जोडे दिले."

"तिचं नाव?"

"विचारलं नाही कुणी."

"तुम्ही?"

"ती माझ्या शेजारून गेली. म्हणाली, 'जोडे मोठे होतात गं.' मी म्हटलं, 'कागद कोंब.' एवढंच आमचं बोलणं." मिस सॉअर्बींनी हात मांडीवर दाबून धरले. "मी पुलावर पोचले आणि पाठीमागं आभाळ फाटलं."

किटली अजून ओरडत होती. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"नंतर मोठ्या शहरातून चौकशीला साहेब आले. मला खुर्चीत बसवलं. मुकादम म्हणाला, 'साहेब, गावात ही हजेरी फिरते आहे, नऊ मेल्या म्हणून. ही बघा नववी. बसलीय की तुमच्यापुढं.' मी अठराची होते. साहेबानं विचारलं, 'तूच ॲग्नेस सॉअर्बी?' मी हो म्हटलं. खोटं काय होतं त्यात? त्या एका 'हो'वर आठ जणी पुसल्या. आयांना सांगितलं, पोरी दक्षिणेकडच्या कारखान्यात पाठवल्या, पत्रं येतील. रूथ आणि जेसीची आई दोन वर्षं पोस्टात जाऊन बसायची. गोळे भरायची मागची शेड उडाली, पण कपडे बदलायची ती खोली, आताचा हॉल, तेवढी राहिली; फळीच्या अलीकडे खुंट्यांवर सगळ्यांचे कपडे तसेच लटकत होते. आठ कोट आणि एक शाल. तेही एका पहाटे गाडीत घालून नेले. कोट परत दिले असते तर आयांना कळलं असतं ना. आणि वर कारखाना साबणाचा होता म्हणे! माझ्या मैत्रिणींचा साबण केला मेल्यांनी!"

लोर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिला स्वतःलाही रागच आला होता. असा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"तुम्ही हॉलमध्ये कधीच येत नाही."

"मला ऐकू येतं." म्हातारी सरळ तिच्याकडे बघत होती. "पाळी सुटली की बाई नावं घ्यायच्या. आत नऊ, तर बाहेर नऊ. एक नाव जुळलं नाही तर कुणीही फळी ओलांडायची नाही, सगळ्यांनी उभं राहायचं. तो नियम होता. तिचं नाव वहीत नाही, म्हणून त्या उभ्या आहेत. साठ वर्षं उभ्या आहेत, पोरी. आणि वर त्या प्रिंगलच्या पोरींनी नाच केले, लग्नं लावली, केक कापले."

"मिस्टर प्रिंगलना दगडासाठी नऊ नावं आणि खाली तुमची सही हवी आहे. कराल?"

"आठांच्या खाली सही करून काय होणार? त्याला नऊ हवीत. त्यालाच कशाला, त्यांनाही नऊच हवीत."

"मग तिलाच विचारायला पाहिजे," लोर्ना म्हणाली, आणि स्वतःचं बोलणं ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

६

शनिवारी पावणेदहाला ऊन लख्ख होतं. हॉलमध्ये पताका लागल्या होत्या, टेबलांवर कागदी रुमाल होते. मिस सॉअर्बी लोर्नाचा दंड धरून दारातून आत आल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा. मध्यावर पोचायच्या आधीच त्यांनी पावलं थांबवली, लोर्नाच्या केसांत हात घातला आणि दोन आकडे काढून घेतले.

"आता बोल. मोठ्यानं. त्या बाई फार मोठ्यानं बोलायच्या."

लोर्नानं वही उघडली. शेवटचं लिहिलेलं पान काढलं. आपण काय करतोय, हे तिला पुरतं कळत होतं. रिकाम्या हॉलमध्ये एक कारकून आणि एक म्हातारी. कुणी आत आलं तर वेड्यातच काढेल.

"आयडा फॉसेट."

पताका हलली नाही. बाहेर एका गाडीचं दार आपटलं.

"मिनी राउटलेज. रूथ नेल्सन. जेसी नेल्सन."

तिनं वहीतून नजर वर काढली नाही, ती गेली तेवढी खाली जमिनीकडे. मेण लावून चकचकीत झालेल्या जमिनीत खिडक्यांची प्रतिबिंबं पडली होती. मध्याच्या अलीकडे फक्त खिडक्या होत्या. पलीकडे खिडक्यांच्या मध्ये पांढऱ्या झग्यांच्या कडा होत्या, ओळीनं. त्यांच्याखाली जाड लाकडी जोडे. लोर्नानं झटकन मान वर केली. समोर टेबलं होती, कागदी रुमाल होते, ऊन होतं. पुन्हा खाली बघायचं धाडस तिला झालं नाही. मेणाचे ओघळ असतील. मेणाचे ओघळच असतील.

"वाच," मिस सॉअर्बी कुजबुजल्या. त्यांचे डोळे खालीच होते. त्यांना सगळं दिसत होतं.

"हॅना मूर. लिझी पॅटिन्सन. फ्लोरी बीटी. मॅगी आर्मस्ट्राँग." तिनं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "ए. सॉअर्—"

"नाही." म्हातारीनं तिचं मनगट धरलं. पकड तरण्या पोरीसारखी घट्ट होती. "ते माझं आहे. तिच्या अंगावरून काढ ते. आधी खोड."

लोर्नानं पेन्सिलीनं ते नाव खोडलं. एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. खोडताना जमिनीखालून, की भिंतीतून, की तिच्या स्वतःच्या कानांतून, बराच वेळ दाबून धरलेला श्वास कुणीतरी सोडावा तसं झालं. एकीचा नव्हे, पुष्कळ जणींचा.

"लोर्ना!" दाराबाहेरून मिस्टर प्रिंगलचा आवाज. "पाथरवट आलाय! साबणच ना?"

त्या आवाजानं ती दचकली नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं.

"नववी कोण आहे?" ती म्हणाली. आवाज फाटला. तिनं पुन्हा हाक दिली, छातीतून, हॉलच्या टोकापर्यंत जाईल अशी. "नववी कोण? तुझं नाव वहीत नाही. ते कुणी विचारलं नाही, ती चूक आमची आहे. सांग. मी लिहून घेते. तुझ्या नावाशिवाय इथून कुणी हलणार नाही, मीही नाही."

गाडीचं इंजिन बंद झालं. मिस सॉअर्बींचा श्वास ऐकू येत होता. त्या ओठांतल्या ओठांत एकच वाक्य म्हणत होत्या, माफ कर गं, माफ कर गं.

मग ओळीच्या शेवटच्या टोकाकडून एक पाऊल वाजलं. टाच आधी, मग पंजा, पायात सैल पडणाऱ्या जोड्याचं. दुसरं वाजलं. ते घाईनं येत नव्हतं, जोडा पडू नये म्हणून जपून येत होतं. ते मध्यावर येऊन थांबलं, लोर्नापासून हातभरावर. तिच्या निळ्या पडलेल्या नडग्यांना थंड हवा लागली. वहीचं पान आपोआप सपाट झालं. तिनं पेन्सिल टेकवली, आणि समोरून, गावचा नसलेला हेल काढत, दमलेल्या, जराशा रागावलेल्या आवाजात एक मुलगी म्हणाली,

"डीलिया कॅफर्की, बाई. मघाशी कुणी विचारलंच नाही."